मोटारसायकलवरचा स्टिरिओ: रेसबरोबर कुईं, थापेला बंद, चार दिवसांत बॅटरी डाऊन

दुकानात येणाऱ्या तक्रारी ठरलेल्या असतात. तुमची यात बसते का आधी बघा.

- रेस दिली की गाण्यामागं बारीक ‘कुईंऽऽ’ येतं. रेस चढेल तसं चढतं, सोडली की उतरतं. गाणं थांबवलं तरी ते थांबत नाही.
- आवाज निम्म्यापर्यंत सगळं झकास. त्यापुढं नेला आणि ढोलकीवर थाप पडली की सेट बंद. दोन सेकंदांनी परत चालू, परत ब्लूटूथ जोडल्याची टुणकन घंटा.
- हँडल डावीकडं वळवलं की बंद, सरळ केलं की चालू. खड्ड्यातही तेच.
- गाडी चार-सहा दिवस उभी राहिली की सेल्फ नुसता ‘कट-कट’ करतो.
- चावी काढली की सेट घड्याळ, स्टेशन, बास-ट्रेबल सगळं विसरतो.
- पावसात भिजल्यावर एक बाजू खरखरते. किंवा दोन्ही स्पीकर वाजतात, पण आवाज पोकळ, थापेत दम नाही.

सेल्फ मारताना सेट क्षणभर बंद पडतो, एवढीच तक्रार असेल तर गाडी खोलू नका. त्या क्षणी सेल्फची मोटर बॅटरी ओढून दहा-अकरा व्होल्टवर आणते, आणि काही गाड्या तर सेल्फ दाबला की बाकीची लाईन स्वतःच तोडतात. सेल्फला बंद पडणं चालतं. धावताना बंद पडणं हा दोष.

बेळगावात खानापूर रोडला माझं ऑटो इलेक्ट्रिकचं दुकान आहे. बेळगावची केए-२२, चिकोडीची केए-२३, चंदगड-गडहिंग्लजकडून एमएच-०९ आणि चोर्ला घाटातून वर आलेली गोव्याची पाटी, असं सगळं एका दिवसात दारात लागतं. भाषा बदलते, तक्रार तीच. आणि वाक्यही तेच: “सेट बदलून बघितला ओ, तरी बंद पडूलंय.” सेट बदलून काय होणार? मी खोललेल्या गाड्यांत सेट स्वतः मेलेला क्वचित सापडतो. त्याला करंट कुठून घेतला आणि तो परत कुठून जातो, या दोन जागांत घोळ असतो.

घोळाचं मूळही सांगतो. आपल्याकडं स्टिरिओ बसवायची विद्या उसाच्या ट्रॅक्टरवर शिकली जाते. गळीत हंगामात निपाणी, चिकोडी, अथणीच्या रस्त्यांवर ट्रॅक्टर दिसायच्या आधी ऐकू येतो. कन्नड जानपद, म्हणजे लोकगीतांची, गाणी आणि मागं दोन ट्रेलर ऊस. ट्रॅक्टरची बॅटरी असते ७५ ते ८८ अँपिअर-अवरची (बॅटरीत करंट किती मावतो त्याचं माप). चासी जाड लोखंडाची, रंग खरवडून गेलेला. कुठल्याही बोल्टाखाली काळी वायर दाबा, अर्थ, म्हणजे करंटची परतीची वाट, मिळालाच. तोच हात मग मोटारसायकलवर फिरतो. इथं साडेतीनशे-चारशे सीसीच्या बहुतेक गाड्यांची बॅटरी आठ अँपिअर-अवरची, ट्रॅक्टरच्या बॅटरीचा दहावा हिस्सा. फ्रेमवर जाड पावडर कोटिंग, हँडलखाली रबर, हेडलाईटची वाटी प्लास्टिकची. ट्रॅक्टरला चाललं ते इथं चालत नाही.

आता तपासणी. क्रम मोडू नका. पैसा आणि पाने-पकड लागत नाहीत ते आधी, फ्रेम उघडायची पाळी शेवटी.

काहीही न उघडता

फोन गाडीच्या यूएसबीवर चार्जिंगला लावलाय आणि ऑक्सच्या (हेडफोनच्या भोकात बसणाऱ्या) वायरनं सेटला जोडलाय का? चार्जिंगची वायर काढा आणि रेस देऊन ऐका. कुईं गेलं, तर दोष सापडला. फोन आणि सेट दोघांना अर्थ वेगवेगळ्या जागी मिळतोय, त्या दोन जागांमध्ये थोडा फरक आहे, आणि तो फरक ऑक्सच्या वायरीतून वाहत स्पीकरमधून बोलतोय. मॅग्नेटचा (इंजिनबरोबर फिरून करंट तयार करणारा भाग) करंट रेसबरोबर बदलतो म्हणून आवाजही चढतो-उतरतो. उपाय दोन. ब्लूटूथवर वाजवा, वायरच नाही तर कुईं कुठून येणार? किंवा ऑक्सच्या मधे ग्राउंड लूप आयसोलेटर नावाची छोटी डबी लावा. दोन-तीनशे रुपयांत मिळते, आत दोन बारीक ट्रान्सफॉर्मर असतात. ही डबी दुखणं झाकते. चार्जर आणि सेट दोघांचा अर्थ एकाच ठिकाणी आणला तर दुखणंच जातं. ते पुढं येतंच.

ब्लूटूथवरही कुईं येत असेल तर पुढं चला.

फोनचा बॅटरी सेव्हर बंद करून बघा. गाणं तुटतं पण सेटचा दिवा जळत राहतो, तर बहुधा तुटतोय फोन. दिवाही विझतो, तर करंट तुटतोय. एवढं बघितल्याशिवाय पाना हातात घेऊ नका. चंदगडहून एक गुरुजी दोनदा आले होते, दोन्ही वेळा सेट निर्दोष. फोन खिशात, खिसा जॅकेटच्या आत, जॅकेटवर ओला रेनकोट.

बॅटरीची टोकं

सीट काढा. बॅटरीच्या दोन्ही टोकांना हातानं हलवून बघा. हलली तर तिथंच थांबा, आवळा, गाडी फिरवून आणा. बाहेरून बसवलेले हॉर्न, फॉग लाईट, मोबाईल चार्जर असं करत करत एका बोल्टाखाली चार-चार थिंबलं (वायरीच्या टोकाच्या कड्या) बसवलेली मी बघतो. बोल्ट आवळल्यासारखा वाटतो, आतली दोन थिंबलं मात्र तिरकी, टेकलेली नसतातच.

काढताना आधी काळी, म्हणजे मायनस. लावताना ती शेवटी. पाना चुकून फ्रेमला लागला तरी मायनस आधीच सुटलेला असेल तर ठिणगी पडत नाही, आणि पेट्रोलची टाकी तिथून हातभर अंतरावर असते. पांढरी-हिरवी बुरशी दिसली तर गरम पाण्यात खाण्याचा सोडा घालून जुन्या ब्रशनं घासा, कोरडं करा, आवळल्यावर वरून थोडं व्हॅसलीन. टोकं हिरवी नसली तरी मी एकदा पॉलिश पेपर फिरवतोच.

फ्यूज बघा, आणि त्यावरचा आकडा वाचा

सेटच्या लाल किंवा पिवळ्या वायरवर फ्यूज असतो. तो काढून उजेडात धरा. तार तुटलीय का, एवढंच बघू नका, पाय काळे पडलेत का तेही बघा. काळे म्हणजे होल्डर ढिला, तिथं गरम होतंय, तिथंच करंट अडतोय. होल्डर बदला.

फ्यूज उडाला असेल तर त्याच आकड्याचा एकदाच बदला. परत लगेच उडाला, तर पाचाच्या जागी पंधरा घालायची बुद्धी होईल. नको. फ्यूज सेटला वाचवायला नसतो, वायर जळू नये म्हणून असतो. तिसरा फ्यूज घालण्याआधी मला किंवा माझ्यासारख्या कुणाला तरी दाखवा.

आकड्याचा दुसरा उपयोग खरेदीला होतो. खोक्यावर १००० वॅट छापलेलं असतं. मागं फ्यूज पाचचा. पाच अँपिअर गुणिले तेरा व्होल्ट म्हणजे ६५ वॅट. त्याहून जास्त त्या सेटला दीर्घकाळ मिळूच शकत नाही. त्यातले साध्या अँपमध्ये (आवाज मोठा करणाऱ्या ॲम्प्लिफायरमध्ये) निम्मे उष्णतेत जातात, क्लास-डी, म्हणजे कमी तापणारा अँप, असेल तर साधारण ऐंशी टक्के स्पीकरपर्यंत पोचतात. तेव्हा खरा आवाज तीस ते पन्नास वॅटचा. हजार वॅट त्या खोक्याच्या रंगात.

अर्थ: इथं घाई करू नका

निम्म्याहून जास्त गाड्या माझ्याकडं इथंच सुटतात, म्हणून जरा सविस्तर.

सेटची काळी वायर कुठं गेलीय ते डोळ्यांनी शेवटपर्यंत बघा. हँडलच्या क्लॅम्पखाली असेल तर हँडल वळवलं की बंद पडायचं कारण समोर आहे. हँडलपासून बॅटरीच्या मायनसपर्यंत करंटला परत यायचं तर वाट स्टिअरिंगच्या बेअरिंगमधून. बेअरिंगमधे ग्रीस, गोळ्या, थोडी ढील. बारीक दिव्याला ती वाट पुरते. थापेसरशी सात-आठ अँपिअर ओढणाऱ्या सेटला पुरत नाही.

फ्रेमच्या बोल्टाखाली असेल तर बोल्ट काढून थिंबलाखालची जागा बघा. काळी चकचकीत दिसली तर तो रंग आहे, आणि रंगातून करंट जात नाही. जो काय जातोय तो बोल्टाच्या आट्यांतून. आपल्याकडं जून ते सप्टेंबर खानापूर, जांबोटी, कणकुंबी पट्ट्यात पाऊस उघडीप देत नाही, आणि त्याच आट्यांत पाणी शिरून गंज धरतो. मे महिन्यात बसवलेला सेट गणपतीत बंद पडतो तो असा.

मोजायचं कसं? चार-पाचशेचा साधा मीटर घ्या, डीसी व्होल्टच्या २० वर ठेवा. काळी सुई बॅटरीच्या मायनसवर. लाल सुई सेटच्या काळ्या वायरीत, सेटच्या अगदी जवळ. इंजिन चालू, गाणं चालू, आवाज जिथं बंद पडतो त्याच्या जरा अलीकडं. मीटर ०.१ च्या आसपास असेल तर अर्थ चांगला. ०.२ पर्यंत सोडून द्या. अर्धा व्होल्ट किंवा वर दाखवला तर दुखणं सापडलं. एकदा एका गाडीत थापेला दोन व्होल्ट बघितले. बॅटरीवर साडेबारा, सेटला मिळतात साडेदहा. दहा-साडेदहाच्या खाली हे सेट तग धरत नाहीत, बंद होतात. बंद झाले की ओढ संपते, व्होल्ट परत येतात, सेट परत उठतो. तीच ती टुणकन घंटा.

गाणं चालू असतानाच मोजा, हे परत सांगतो. सेट गप्प असताना मोजलंत तर शून्य दिसेल आणि फसाल. मीटर ओहमवर ठेवून ‘कंटिन्युटी मिळतेय की’ म्हणणारेही असेच फसतात. वीस तारांच्या वायरीत एक तार शिल्लक असली तरी मीटर पीं वाजवतो. एका तारेवरून गुणगुण येते, थाप येत नाही.

उपाय कंटाळवाणा आहे आणि हमखास आहे. फ्रेमचा नाद सोडा. सेटची, अँपची आणि यूएसबी चार्जरची काळी वायर एकत्र आणून एका जाड वायरीनं सरळ बॅटरीच्या मायनसवर न्या. प्लसची वायर जेवढी जाड तेवढीच ही. दहा अँपिअरपर्यंत दीड चौरस मिलीमीटर, त्यावर अडीच. सगळ्यांचा अर्थ एका जागी आला की कुईंही बहुतेक वेळा तिथंच मिटतं.

वायर घेताना टोक ब्लेडनं खरवडून बघा. आत लाल दिसली तर तांबं. खरवडल्यावर पांढरी निघाली तर ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा. ती गाडीच्या थरथरीत तुटते आणि ओलीत भुकटी होते.

प्लस कुठून चोरलाय

‘चोरलाय’ हा आमच्या धंद्यातला शब्द. हॉर्नची, हेडलाईटची किंवा पार्किंगची वायर सोलून त्यावर सेटची वायर गुंडाळायची आणि टेप मारायचा. दहा मिनिटांचं काम आणि वर्षाची कटकट.

हॉर्नच्या वायरवर चोरला असेल तर प्रयोग सोपा. गाणं चालू असताना हॉर्न मारा. बंद पडलं? मग ती बारीक वायर दोघांना पुरत नाही. हेडलाईटवर चोरला असेल तर १ एप्रिल २०१७ नंतरच्या गाड्यांत हेडलाईट कायम चालूच असतो, म्हणजे ती वायर आधीच भरलेली. जुन्या गाड्यांत तर वेगळीच गंमत. त्यातल्या कित्येकांचा हेडलाईट बॅटरीवर नव्हे, थेट मॅग्नेटच्या एसी लाईनवर चालायचा. तिथं सेट जोडला की घोगरं ‘घूंऽऽ’ येतं, आणि सेट फार दिवस जगत नाही.

बरोबर पद्धत अशी: बॅटरीच्या प्लसवरून वायर, बॅटरीपासून वितीच्या आत फ्यूज, तिथून रिलेच्या (बारीक करंटनं मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच) ३० नंबरच्या पायावर. ८७ वरून सेटला. ८५ अर्थला. ८६ ला चावीनंतर जिवंत होणारी कुठलीही बारीक लाईन, पार्किंगची चालते, कारण रिलेची कॉइल जेमतेम पाव अँपिअरच्या आत मागते. फ्यूज वितीच्या आत का? बॅटरी ते फ्यूज एवढ्या तुकड्याला कुणी राखणदार नाही. तो तुकडा टाकीखालून हातभर लांब नेलात आणि सोलला गेला तर जळेपर्यंत जळेल.

आता पिवळी आणि लाल. बाजारातल्या बहुतेक सेटमध्ये पिवळी कायम करंटची, लाल चावीची, काळी अर्थची, निळी-पांढरी अँप चालू करायची. दोन्ही उलट लागल्या की चावी काढल्यावर सेट सगळं विसरतो. दोन्ही सरळ बॅटरीवर लागल्या की सेट झोपतच नाही. लाल चावीवर आणि पिवळी बॅटरीवर असली तरी पिवळी थोडं थोडं पीत राहते, आणि मोटारसायकलच्या बॅटरीला ते थोडंही फार होतं. आपल्या भागात घरटी फौजी. मराठा लाईट इन्फंट्रीचं सेंटर इथंच. सुट्टी संपली की गाडी चार-सहा महिने गोठ्यात. अशा गाडीत मी पिवळी-लाल एकत्र करून चावीवरच देतो. स्टेशन परत लावावी लागतील, सेल्फ तरी लागेल. अर्थात सहा महिन्यांसाठी बॅटरीची काळी वायर काढून ठेवणं हाच खरा उपाय.

बॅटरी आणि चार्जिंग

गाडी रात्रभर उभी राहिल्यावर सकाळी, चावी न लावता: १२.६ ते १२.८ निरोगी. १२.२ म्हणजे निम्मी. १२ च्या खाली असेल तर आधी बॅटरी पूर्ण चार्ज करा, नंतर स्टिरिओचं बोलू.

सेल्फ मारताना साडेनऊच्या खाली जात असेल तर बॅटरीचं वय झालं. इंजिन चालू करून तीन-चार हजार आरपीएमला साडेतेरा ते साडेचौदा हवेत. रेस देऊनही तेराच्या खाली राहिले तर मॅग्नेट कमी पडतोय किंवा रेक्टिफायर (मॅग्नेटचा एसी करंट डीसी करणारा भाग). पंधराच्या वर गेले तर सेट ताबडतोब बंद करा, फ्यूज काढा, आणि खालचा ‘थांबा’ वाचा.

सगळे आकडे बरोबर आणि तरी सेट फक्त सिग्नलला बंद पडतोय? रेल्वे गेटला रेल्वे जाईपर्यंत इंजिन आयडलवर ठेवून गाणी ऐकत बसलात, की मॅग्नेट जेमतेम हेडलाईट, फ्युएल पंप आणि कॉइलपुरतं देतो, वरचं सगळं बॅटरीतून जातं. हा दोष नाही. ही गाडीची ऐपत आहे. फॉग लाईट बंद करा, नाहीतर आवाज कमी करा.

उभ्या गाडीतून करंट कोण पितंय

मीटर १० अँपिअरच्या खाचेत लावा. बॅटरीची काळी वायर सोडवा आणि मीटर तिच्या आणि टोकाच्या मधे आणा. चावी बंद. या वेळी सेल्फ मारायचा नाही, चावीही फिरवायची नाही, मीटर जळेल किंवा त्याचा फ्यूज उडेल. दोन मिनिटं थांबा. ०.०० किंवा ०.०१ दाखवलं तर ठीक, गाडीच्या मीटरमधलं घड्याळ आणि अलार्म दोन-पाच मिलिअँपिअर घेतातच. ०.०५, म्हणजे पन्नास मिलिअँपिअर, दाखवलं तर हिशेब करा: आठ अँपिअर-अवर भागिले ०.०५ म्हणजे १६० तास. पुरे सात दिवसही नाहीत, आणि सेल्फ त्याच्या निम्म्यातच हात टेकतो. सेटचा फ्यूज काढून परत बघा. आकडा पडला तर पिणारा सेट. नाही पडला तर सेटवर आळ घेऊ नका, यूएसबी चार्जर किंवा जीपीएस ट्रॅकर बघा. चार्जर कायम लाईनवर असला की निळा दिवा लागून असतो, आणि तो दिवा किती बिचारा वाटतो!

स्पीकर

दोन्ही वायरी सेटकडून सोडवा आणि मीटर ओहमवर ठेवून स्पीकर मोजा. ४ ओहमचा स्पीकर ३.२ ते ३.८ दाखवतो, तसाच दाखवायला हवा. काहीच नाही म्हणजे कॉइल तुटली, शून्य म्हणजे वायर चिरडून शॉर्ट. मग एकेका वायरीपासून फ्रेमपर्यंत मोजा. काहीही लागता कामा नये. ट्रॅक्टरवाल्या हातांची सवय इथंही नडते: स्पीकरची एक वायर बॉडीला. हल्लीच्या सेटमध्ये स्पीकरच्या दोन्ही वायरी जिवंत असतात, मायनस म्हणजे अर्थ नव्हे. बॉडीला लावली की सेट स्वतःला बंद करून घेतो, तो शहाणा असला तर.

एका चॅनलवर ४ ओहमचे दोन स्पीकर समांतर लावले की २ ओहम होतात. सेट ४ साठी असेल तर तापेल. वीस मिनिटं चांगला, मग बंद, थंड झाला की परत चालू, असं असेल तर हेच बघा.

आवाज पोकळ असेल तर घड्याळातला नव्हे, टॉर्चचा दीड व्होल्टचा सेल घ्या. स्पीकरच्या वायरींना क्षणभर टेकवा. पडदा बाहेर आला तर सेलच्या प्लसला लागलेली वायर प्लस. दोन्ही स्पीकर असे तपासा. एक उलटा असेल तर एक बाहेर येताना दुसरा आत जातो आणि थाप मधेच मरते.

पाण्याचं एक. आयपीएक्स-७ म्हणजे मीटरभर पाण्यात अर्धा तास. वॉटर सर्व्हिसिंगच्या पाईपचा मारा त्यात येत नाही. चोर्ला घाट भिजत उतरलेले स्पीकर टिकतात आणि दुसऱ्या दिवशी धुऊन घेताना मरतात. धुताना पिशवी बांधा.

टिक-टिक

कुईं नव्हे, रेसबरोबर वाढणारी टिक-टिक असेल तर ती प्लगची. प्लगच्या नंबरात ‘आर’ अक्षर आहे का बघा, म्हणजे आत रेझिस्टर आहे. कुणीतरी बिनाआरचा स्वस्त प्लग टाकलेला असतो. सेटच्या आणि अँपच्या वायरी इग्निशन कॉइलपासून लांब न्या, आणि सिग्नलची वायर प्लसच्या वायरीला बांधू नका.

थांबा, मिस्त्रीला बोलवा

जळका वास आला, कपलरचं (वायरी जोडणाऱ्या खोबणीचं) प्लास्टिक वितळलेलं दिसलं, बॅटरी फुगली, पंधराच्या वर व्होल्ट गेले, फ्यूज दुसऱ्यांदा लगेच उडाला: यात पुढं स्वतः काही करायचं नाही. चावी काढा, बॅटरीची काळी वायर सोडवा, गाडी ढकलत किंवा टेम्पोत घालून न्या.

सेट बसवल्यापासून एबीएसचा किंवा इंजिनचा दिवा लागत असेल तर ऑटो इलेक्ट्रिशियनकडंही नको, कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला. १ एप्रिल २०२० नंतरच्या बीएस-६ गाड्यांत इंजिनचा आणि सेन्सरचा सगळा संवाद बारीक वायरींवर चालतो, आणि मोठ्या टूरिंग गाड्यांत लाईट-हॉर्नही कंप्युटरच्या ताब्यात. तिथं वायर सोलली की कंप्युटरला ती चूक दिसते. वॉरंटीतल्या गाडीची मूळ वायर मी स्वतःही कापत नाही, गिऱ्हाईकानं लिहून दिलं तरी. स्टेटर (मॅग्नेटमधली वायरची गुंडाळी) आणि रेक्टिफायरही घरी उघडायच्या गोष्टी नव्हेत.

नवीनच घ्यायचा असेल तर

आठच्या बॅटरीवर पाच ते दहा अँपिअर फ्यूजचा क्लास-डी सेट, त्यापुढं नको. ४ ओहमचे दोन स्पीकर. २८ अँपिअर-अवरची बॅटरी असलेल्या मोठ्या अमेरिकन टूरिंग गाडीवर चार स्पीकर आणि वेगळा अँप शोभतो, तिचं बघून आपण करायला जाऊ नये. आणि तीन इंची स्पीकर हायवेला ऐंशीच्या पुढं वाऱ्यात हरवतात. हत्तरगी टोलच्या पुढं तुम्ही काय ऐकताय ते तुमचं तुम्हाला कळत नाही, मागच्या गाडीला कळतं. एकटे फिरत असाल तर हेल्मेटमधला ब्लूटूथ संच घ्या, त्याची बॅटरी त्याच्यात असते. माझं गिऱ्हाईक एक कमी होईल, चालेल.

बसवताना वायरी हँडलच्या मुळाशी ढिल्या ठेवा. शेवटी गाडी स्टँडवर उभी करून, इंजिन चालू ठेवून हँडल या टोकापासून त्या टोकापर्यंत वळवा. गाणं तुटता कामा नये, आणि रेस आपोआप वाढता कामा नये. वाढली तर एखादी वायर ॲक्सिलेटरच्या केबलला अडकतेय. ती सोडवल्याशिवाय गाडी रस्त्यावर काढू नका. मग दहा मिनिटं मोठ्या आवाजात वाजवा, बंद करा, आणि फ्यूज होल्डर, रिले, अर्थचं थिंबल एकेक बोटांनी चाचपा. कोमट चालेल. बोट मागं घ्यावं लागलं तर ती जागा परत उघडा.